न प्यालेली कॉफी

एकदा एका वाळवंटी देशातल्या लोकांनी आपला हुकूमशहा पळवून लावला. नकाशा उघडू नका. असे देश बरेच आहेत, आणि तुमचं बोट उगाच कुणाच्या तरी राजधानीवर पडायचं. तर लोक चौकात जमले, घसा फाटेस्तोवर ओरडले, गोळ्या झेलल्या, पण हटले नाहीत. शेवटी एके सकाळी साहेब विमानात बसून गेले. त्या दिवशी अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, आणि पुढच्या आठवड्यात चौक कोणी झाडायचा यावरून त्यांचीच जुंपली. हसू नका. तुमच्या सोसायटीत जिना कोणी झाडायचा, ते ठरलंय का अजून?

त्या देशातल्या एका गावात तंटे मिटवणारा एक वृद्ध शेख राहत असे. दात थोडे, खोड्या फार. गस्सान नावाचा तरुण त्याच्याकडे ती विद्या शिकत होता. गस्सानच्या थोरल्या भावाला चौकातून उचलून नेलं, तो परतलाच नाही. तुरुंगात मेला एवढं कळलं. पुरला कुठे, ते कुणी सांगेना. आई उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "माझा मुलगा कुठे ठेवलाय हो?" लोक मान खाली घालून पुढे जात.

त्या तुरुंगाची गाडी चालवणारा शद्दाद याच गावचा. साहेब पळाल्यापासून तो घरात दडून होता. एके दुपारी गस्सानने कमरेला सुरा खोचला आणि निघाला. वाटेत शेख बसलेलाच होता.

"कुठे रे?"

"शद्दादकडे."

"सुरा घेऊन? खरबूज कापायचंय का?"

"थट्टा नको, शेखसाहेब. आज त्याचा निकाल लावतो."

"लाव की. मग आईला काय सांगशील? ज्याला ठाऊक होतं त्यालाही पुरून आलो म्हणून?"

म्हातारा काठी टेकत उठला. "चल, मलाही कॉफीची तलफ आलीय. सुरा राहू दे कमरेला, रुबाबदार दिसतोस."

भावाला गाडीत घालून नेणाऱ्याकडे कॉफी प्यायला! गुरूची बुद्धी ढळली, असंच गस्सानला वाटलं. पण तो मागोमाग गेला.

शद्दादने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तरी दारी आलेला पाहुणा तो पाहुणा. त्याने कॉफी ओतली आणि दोघांपुढे पेले धरले. गस्सानने आपला पेला एका दमात रिकामा केला. जीभ पोळली तरी थांबला नाही. शेखने मात्र आपला पेला शांतपणे जमिनीवर ठेवला आणि हात गुडघ्यांवर घेऊन बसला.

"प्यालास?" त्याने शिष्याला विचारलं.

"हो. दिली म्हणून प्यालो."

"वा रे माझा विद्वान! मागणं घेऊन आलेल्या पाहुण्याने काय करायचं असतं?"

गस्सान ओशाळला. पाठ तर होतं. "पेला खाली ठेवायचा. यजमानाने मागणं मान्य केल्यावरच प्यायचा. पाहुणा न पिता उठला, तर त्या घराची अब्रू जाते."

"मग?"

"हात आपोआप उचलला गेला."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची मिस्किली विरली. त्याने शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा दोष नाही, बाळा. साहेबांच्या माणसासमोर पेला खाली ठेवला, की 'आमच्यावर संशय घेतोस?' म्हणून उचलून नेत. तुमची पिढी समोर येईल ते गटकन गिळायला शिकली. साहेब विमानाने गेले खरे, पण तुझ्या घशात अजून ठाण मांडून बसलेत. या माणसाला तू मारू शकतोस. ते साहेबांनाही जमत होतं. पण त्याच्यासमोर ताठ बसून आपलं जे आहे ते मागणं, तेवढं त्यांनी तुम्हांला विसरायला लावलं. ते ज्याला परत येईल, तो सुटला." मग तो यजमानाकडे वळला. "शद्दाद, याला पुन्हा ओत."

शद्दादने ओतली. या वेळी गस्सानने पेला खाली ठेवला.

"घे ना," शद्दाद पुटपुटला.

"माझा भाऊ कुठे आहे?" एवढं विचारताना गस्सानचा आवाज चिरकला.

शद्दादची नजर सुऱ्यावर गेली. "सांगितलं तर हा मला मारेल."

"ऐकून प्याला, तर तुझ्यावर हात उचलता येणार नाही त्याला," शेख म्हणाला. "पण पंचांसमोरही तुला हेच सांगावं लागेल. मी शेजारी बसेन. तिथे कॉफी मिळणार नाही, एवढं लक्षात ठेव."

कॉफीवरची वाफ संपली.

"तुरुंगामागे जुनं अंजिराचं झाड आहे," शेवटी शद्दाद म्हणाला. "त्याच्याखाली. बाकीच्यांना एका खड्ड्यात लोटलं. त्याने मात्र तुरुंगात नेताना गाडीत मला नावाने हाक मारली होती. मी वळून पाहिलं नाही. म्हणून निदान... त्याला वेगळा पुरला. माझ्या हातांनी."

गस्सानने पेला उचलला. ओठांपर्यंत नेला, खाली आणला, पुन्हा नेला. मग ती गार, कडू कॉफी तो सावकाश, घोट घोट प्याला. क्षमा केली का? छे. ज्यांना ती लगेच जमते, त्यांचं बहुधा काही गेलेलं नसतं. पण पेला रिकामा केला, आणि सुरा कमरेला तसाच राहिला.

घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं.

"सावली आहे का रे तिथे?"

"आहे, आई. अंजिराची आहे."

आईने डोळे पुसले, उंबऱ्यावरून उठली आणि पायांनी चपला चाचपू लागली.

"चल," ती म्हणाली, "दाखव मला."