गांडुळाचा सत्कार

प्राणी नुकतेच ठराव करायला शिकले होते, तेव्हाची गोष्ट. शेत भुसभुशीत ठेवणाऱ्या गांडुळाचा त्याच्याच शेतात सत्कार करायचं 'माती वाचवा मंडळा'नं ठरवलं. अध्यक्ष होते बोकडराव.

"शाल नको हो, तेवढी ओल राहू द्या," गांडूळ म्हणालं.

"अहो गांडूळभाऊ, पाहुण्यांचे पाय चिखलानं माखतील त्याचं काय?" असं म्हणून बोकडरावांनी अख्ख्या शेतावर सिमेंटचा कोबा करून घेतला.

सत्काराला गांडुळाचं नाव तीनदा पुकारलं. ते कोब्याखाली डोकं आपटत होतं.

"बघा, मातीसाठी कुणालाच वेळ नाही!" बोकडराव कळवळले.

थोड्या वेळानं खालची धडपड थांबली. मग मंडळानं एकमतानं ठरवलं, सत्कार मरणोत्तर करायचा आणि गांडुळाच्या स्मारकासाठी शेजारचं शेत घ्यायचं.