कुंचीवालीच्या अंगणातले पारवे

फार फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात, दिवस उगवून बरोबर तीन घटका झाल्या होत्या तेव्हा हे सगळं सुरू झालं. ऊन अंगणात उतरलं होतं. कुंचीवाली लेकीला पाठीशी बांधून कामाला निघाली होती, आणि लेक रडत होती.

कुंची तुम्हाला ठाऊक आहेच. तान्ह्या बाळाचं डोकं, कान आणि पाठ झाकणारं मऊ टोपडं. ही बाई तीच शिवायची. तिचा नवरा पुरात वाहून गेला होता. मागं उरली तान्ही लेक आणि हातातली सुई. लेकीला उपाशी निजवायचं नाही, आणि आपल्या माघारी तिला कुणापुढं हात पसरावा लागू नये, एवढाच त्या माउलीला घोर.

ज्या घरी बाळ यायचं असेल त्या घरी ती जायची. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं मागून घ्यायची. पहिली कुंची त्याचीच, अशी तिथली रीत. मग ओसरीवर गप्पा रंगायच्या.

"जरा सैल शीव गं बाई. नातवाचं डोकं आजोबांवर गेलं तर भोपळ्याएवढं असायचं!"

"मग आधी आजोबांच्याच डोक्याचं माप घेते," कुंचीवाली म्हणायची, आणि आतून आजोबा मोठ्यानं खाकरायचे.

मिळकत थोडी होती. कुणी पायलीभर जोंधळे द्यायचं, कुणी चार नाणी. पण एका घरची सून आपल्या जावेला सांगायची, जाऊ बहिणीला सांगायची, आणि कुंचीवालीला नवं दार उघडायचं. हाल व्हायचे ते लेकीचे. उन्हातान्हात फिरून तिचं अंग तापायचं. लेकरासाठी राबते आणि लेकराचेच हाल करते, असं आईला मन आतल्या आत खायचं.

तर त्या सकाळी अंगणात पारव्यांचा थवा उतरला. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "कुंचीवाली, दारोदार कशाला फिरतेस? लेकीला पाळण्यात घाल. घरबसल्या शीव. कापड आम्ही आणू, कुंच्या आम्ही नेऊ, नाणी इथं अंगणात टाकू. आमच्या पंखांखाली सात मुलूख आहेत."

"पण बाळं कुणाची? त्यांच्या आया कोण?"

"ते आम्हाला ठाऊक. तू विचारायचं नाहीस. एवढीच अट."

तिनं लेकीच्या तापल्या कपाळावर हात ठेवला आणि हो म्हटलं. मला विचाराल तर मीसुद्धा हो म्हटलं असतं.

दिवस पालटले. छपरावर कौलं आली. लेकीच्या पानात दूधभात आला. पारवे रोज यायचे, कुंच्या चोचीत धरून उडायचे. जितक्या जास्त कुंच्या, तितकी जास्त नाणी. म्हणून ती अंधार पडेस्तोवर शिवू लागली. लेक पाळण्यातून उतरली, रांगली, चालू लागली. आईची मान काही वर झाली नाही.

एकदा गावातली कासारीण आपलं जुनं लुगडं घेऊन आली. "माझी लेक माहेरी आलीय बाळंतपणाला. पहिलटकरीण आहे, घाबरलीय पोरगी. कुंची शीव आणि तिच्याजवळ घडीभर बसून जा गं."

"काकू, आत्ता नाही जमायचं. पारवे यायची वेळ झाली."

"अगं, मान वर करून बोल तरी! का बोलण्याचंही नाणं पडतं आता?"

कुंचीवाली कसनुसं हसली, पण सुई थांबली नाही. कासारीण ते लुगडं घेऊन वेशीजवळच्या एका बाईकडे गेली. त्या बाईची शिवण वाकडी होती. पण ती गेली, पोरीजवळ बसली, तिला धीर दिला. हळूहळू सगळा गाव तिच्याकडेच जाऊ लागला. कुंचीवालीला ते कळलंसुद्धा नाही.

लेक सात वर्षांची झाली, आणि एका सकाळी पारवे उतरले नाहीत. कुंच्यांचा ढीग अंगणात तसाच पडला. चार दिवसांनी थवा डोक्यावरून गेला, तेव्हा ती ऊर फुटेस्तोवर धावली.

"अरे, माझं काय चुकलं? सांगा तरी!"

"चुकलं काही नाही," म्होरक्या वरूनच म्हणाला. "आमची वाट बदलली." आणि थवा नदीपल्याड दुसऱ्याच कुणाच्या अंगणात उतरला.

साठवलेलं होतं ते एका पावसाळ्यात संपलं. चूल थंड पडली. तेव्हा लेक म्हणाली, "आई, पारवे नाही आले तर नाही आले. ज्या बाळांना तू कुंच्या घातल्यास, त्यांच्याकडे आपणच जाऊ ना. त्यांच्या घरी पुन्हा बाळं झाली असतील."

"जाऊ, बाळा."

"मग सांग ना, कुठं राहतात ती?"

सात मुलखांतली लेकरं आईच्या कुंच्यांत निजली होती. त्यातल्या एकाचंही नाव तिला सांगता येत नव्हतं. एकाही घराची वाट तिला ठाऊक नव्हती.

मग ती आपल्याच गावात दारोदार गेली. सगळ्यांनी बसायला दिलं, पाणी दिलं. पण नव्या सुना तिला ओळखत नव्हत्या. "कुंच्या ना? त्या आम्ही वेशीजवळच्या मावशींकडून घेतो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही गोडीनं म्हणाल्या.

शेवटी लेकीचा हात धरून ती वेशीजवळच्या बाईकडे गेली. बाई मनानं वाईट नव्हती. म्हणाली, "शिवण तुझीच सरळ. बस इथं, शीव. पोटापुरतं देईन. माणसं मात्र माझी आहेत हो, ती मी नाही देऊ शकत. ती देता येतच नाहीत."

कुंचीवाली कोपऱ्यात बसून शिवू लागली. म्हातारी झाली तरी शिवत राहिली. बायका यायच्या, कुंची हातात घेऊन त्या बाईला म्हणायच्या, "मावशी, काय सुरेख शिवलीत हो!" त्या कोपऱ्याकडे कुणी पाहायचं नाही. आई गेल्यावर लेक त्याच कोपऱ्यात बसली. आईची सुई तिला मिळाली. दार एकही मिळालं नाही.

कमाई वाईट नाही, पण हातात नाणं पडतं ती नुसती कमाई, आणि आपल्याला नावानं ओळखणारं माणूस ज्यासाठी पुन्हा आपल्याच दारी येतं, तो धंदा.

घरबसल्या चार पैसे मिळवणारी कुणी बाई तुमच्या ओळखीत असेल, तर तिला ही गोष्ट सांगा. तिचं काम चालू आहे तोवर सांगा, तिचं लेकरू लहान आहे तोवर सांगा.