ओंजळबागेची उत्तरेची बाजू

अंबोरी शहरात पाहण्याजोग्या बागा तशा चार-पाच आहेत. स्टेशनजवळच्या बागेत मुलांची आगगाडी आहे, तळ्याकाठच्या बागेत कारंजी आहेत, आणि गुलाबांच्या बागेत हिवाळ्यात फोटो काढणाऱ्यांमुळे पाय ठेवायला जागा नसते. ओंजळबागेत यातलं काहीच नाही. आंब्याची जुनी झाडं, एक विहीर आणि तीन बाजूंनी पुरुषभर उंचीची दगडी भिंत. चौथ्या, उत्तरेच्या बाजूला भिंत नाही. साधं तारेचं कुंपणही नाही. शेरडं आत शिरतात, माळी त्यांना हाकलून दमतात, पण तिथे तार ओढा असं नगरपालिकेत कुणी सुचवत नाही.

नवा पाहुणा विचारतोच, भिंत पडली का? विहिरीजवळच्या बाकावर दगडूअण्णा बसलेले असतात. याच बागेत चाळीस वर्षं माळीकाम करून निवृत्त झालेले. ते म्हणतात, "पडली न्हाई. पाडली. बसा."

संस्थानाच्या काळातली गोष्ट. सलग तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. शहरातल्या विहिरींनी एकामागून एक तळ दाखवला. पाणी राहिलं ते एका या बागेच्या विहिरीला. आणि नेमकं त्याच वैशाखात राजकन्येचं लग्न या बागेत व्हायचं होतं. कारभाऱ्यानं हुकूम काढला: वऱ्हाड येईपर्यंत बागेतलं एक पान पिवळं दिसता कामा नये आणि बागेतला एक थेंब बाहेर जाता कामा नये. विहिरीवर शिपाई बसले. माणसं सुकली तरी चालतील, आंबे सुकता कामा नयेत, असं ते राज्य. इथे अण्णांचा आवाज दरवेळी चढतो.

बागेचा माळी होता सखोजी. त्याची बायको भिवरा पाटावर दारं धरायची, म्हणजे फावड्यानं माती ओढून पाणी या आळ्यातून त्या आळ्यात वळवायची. दिवसभर पायाखालून पाणी वाहतंय आणि भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येतंय, अशी तिची गत. कारण उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत गावोगावची माणसं येऊन पडली होती. भिंतीच्या तळाशी पाणी निघून जायला एक मोरी होती. तिच्यातून एका बाईचा हात आत यायचा. भिवरा शिपायांची नजर चुकवून त्या हातात भिजवलेलं फडकं द्यायची. बाईचं नाव जनाई, तिच्या कडेवर तान्हं मूल होतं, एवढंच भिवरेला ठाऊक होतं. तोंड तिनं कधी पाहिलं नाही.

दुष्काळात वाळवी फार माजते. लग्नाच्या तोंडावर आंब्याच्या बुंध्यांना वाळवी लागली, तेव्हा सखोजीनं कोपऱ्यातल्या लहान हौदात औषध कालवलं. बचनागाची मुळी, कण्हेरीची साल आणि आणखी काय काय. हे औषध त्याच्या घराण्याचं होतं. बाप मुलाला सांगायचा. बायकोला, सुनेला, लेकीला नाही. बाई माहेरी बोलून जाते, लेक सासरी नेते, मग घराण्याचं काय उरलं? म्हणून सखोजी भिवरेला इतकंच म्हणाला, "त्या हौदाला हात लावू नगंस." भिवरेला त्यात नवं काही वाटलं नाही. बागेतल्या साऱ्याच पाण्याला हात लावायची बंदी होती. नवरा नोकरीला भितोय, असं तिनं धरलं.

एका दुपारी जनाईचं मूल रडायचं थांबलं. फडकं घ्यायला हात आला तो नुसताच जमिनीवर पडून राहिला. विहिरीवर पहारा होता, पण कोपऱ्यातल्या हौदाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि शिपाई जेवायला बसले होते. तिनं फावड्याच्या चार घावांत हौदाचा बांध फोडला आणि पाणी मोरीकडे वळवलं.

पलीकडे एकच धांदल उडाली. माणसं भुईवर पालथी पडून पाणी प्याली. पाण्याला ना रंग होता ना वास. जराशी कडवट चव असेल, पण ती कुणाला कळणार? भिवराही सकाळपासून तहानलेली होती. तिनं ओंजळ भरून तोंडाशी नेली आणि तशीच खाली सोडली.

"तू बी पी गं बाई," जनाई मोरीतून म्हणाली.

"आधी तुमी. घरच्या बाईनं मागनं प्यावं."

तिच्या आईनं तिला तसंच शिकवलं होतं, तुमच्या-आमच्या आयांनी शिकवलं तसंच.

सखोजी आला तेव्हा हौद रिकामा होता.

"भिवरे, हौद कुणी सोडला?"

"म्या. मानसं मरत हुती."

सखोजीनं सांगितलं, ते नुसतं पाणी नव्हतं, वाळवीचं जहर होतं. ते ऐकून भिवरा मोरीकडे धावली, पालथी पडून ओरडली, "पिऊ नगा! थुका! थुका!" पलीकडून उत्तर आलं नाही. सतरा माणसं गेली, असं सांगतात. तान्हं मूल त्यांत अठरावं धरायचं की ते आधीच गेलं होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

"मला का सांगितलं न्हाई?" भिवरेनं विचारलं.

कारभाऱ्यानं मात्र भर कचेरीत सखोजीला सोन्याचं कडं देऊ केलं. पाणीचोरांना बरी अद्दल घडवलीस म्हणाला! सखोजीनं हात पुढे केला नाही. भिवरा म्हणाली, "चोर कुनी नव्हतं. म्या दिलं, त्यांनी घेतलं." लग्नाआधी बोभाटा नको म्हणून तिला तशीच सोडून दिली, म्हणे.

पण खरा अनर्थ पुढेच होता. वऱ्हाडानं अंबोरीचं पाणी प्यायला नकार दिला, लग्न दुसरीकडे झालं आणि पहारा उठला. आता विहीर मोकळी होती, पण तिच्या जवळ कुणी येईना. शेजारी शेजाऱ्याच्या हातचं पाणी घेईना. भरल्या विहिरीच्या गावात माणसं तहानेनं मरू लागली. त्यांचं पाप कुणाच्या माथी, हे भिवरेला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिनं पहार घेतली आणि उत्तरेच्या भिंतीचा पहिला दगड काढला. दुसरा सखोजीनं. कचेरीचे शिपाईही आडवे आले नाहीत. भिंत पडल्यावर सखोजीनं उभं राहून औषधातला एकेक जिन्नस मोठ्यानं सांगितला. भावकीनं त्याला वाळीत टाकलं, ते कायमचं. भिवरेनं विहिरीचं पाणी काढलं, सगळ्यांसमोर एक ओंजळ प्याली आणि उन्हात उभी राहिली. सावली हातभर सरकली तरी ती उभीच होती. तेव्हा कुठे एक म्हातारी पुढे आली.

त्यानंतर तिसाहून अधिक वर्षं ती रोज सकाळी तशी उभी राहिली. आपल्याला ठाऊक नव्हतं, असं मात्र तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

आजही उत्तरेची बाजू उघडी आहे, आणि पाटाला पाणी सुटलं की माळी पहिली ओंजळ स्वतः पितो, मग झाडांना देतो. अंबोरीच्या घराघरांतही यजमान पाहुण्याआधी पाणी पितो. बाहेरगावच्या सुनांना हा उद्धटपणा वाटतो. सासवा त्यांना बागेत आणून अण्णांसमोर बसवतात.

गोष्ट संपली की अण्णा माठातून पेला भरतात, स्वतः पितात आणि सावली बोटभर सरकू देतात. मग दुसरा पेला भरून पाहुण्यापुढे धरतात. उन्हातून आलेला पाहुणा तो घेतो, आणि ओठाला लावण्याआधी क्षणभर थांबतोच. अण्णा त्याचा राग मानत नाहीत.