ओसरीने सावरलेलं घर

पृथ्वीच्या वर, ढगांच्याही खूप पलीकडे, माणसांनी एक घर बांधलं होतं. ते अंतराळस्थानक पृथ्वीभोवती सतत फिरत असे. त्यातला पहिला संशोधनकक्ष इंदुमती गद्रे या अभियंता बाईंनी उभारला होता. कक्ष लहानसाच. पण वर येणारा प्रत्येकजण आधी तिथेच टेकायचा, म्हणून सगळे त्याला 'ओसरी' म्हणत. अंतराळवीरांनी तिथे गहू उगवून पाहिला, औषधं तपासली, स्वतःची दुखणीखुपणीही तिथेच काढली. पुढे घराला आणखी खोल्या जोडल्या गेल्या, त्या ओसरीच्याच आधाराने.

वर्षं गेली. ओसरी जुनी झाली. कुरकुरू लागली. इंदुताई निवृत्त झाल्या, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या त्र्यंबक नलावडेकडे नवा, मोठा संशोधनकक्ष बांधायचं काम आलं. त्याचं नाव 'प्रज्ञा'.

त्र्यंबक हुशार होता, कष्टाळूही होता. पण नव्याचं कौतुक करताना जुन्याला नावं ठेवल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"ओसरी कसली, अडगळीची खोली आहे ती!" असं तो भर सभेत म्हणायचा, आणि लोक हसायचे.

प्रज्ञा जोडली की ओसरी सोडून द्यावी, अशी शिफारसही त्यानेच केली. सोडून द्यायची म्हणजे घरापासून सुटी करून पृथ्वीच्या हवेत जळू द्यायची. हे इंदुताईंच्या कानावर गेलं.

प्रज्ञा जोडायचा दिवस उजाडला. नियंत्रण केंद्र पाहुण्यांनी भरून गेलं. इंदुताईंनाही बोलावणं होतं, पण खुर्ची शेवटच्या रांगेत. त्र्यंबकने त्यांना पाहिलं, लांबूनच मान हलवली आणि तो पुढे गेला.

प्रज्ञा अलगद येऊन ओसरीच्या दाराला जोडली गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी पेढ्यांचा पुडा सोडला.

तेवढ्यात सगळं घर कलंडू लागलं.

वरच्या अंतराळवीरांची प्रमुख शाहीन मुजावर हिचा आवाज आला. "आम्ही गरगर फिरतोय. कुठलं तरी इंजिन आपोआप सुरू झालंय. वीज कमी होत चाललीय. काय करू, लवकर सांगा!"

सगळ्यांच्या नजरा त्र्यंबककडे वळल्या. विचार करायच्या आतच तो बोलून गेला, "ओसरीचंच काहीतरी बिघडलं असणार. तिची इंजिनं तोडून टाका, कायमची!"

शाहीन म्हणाली, "नाही साहेब. ओसरी शांत आहे. इंजिनं प्रज्ञाची चालू झालीत."

खरंच तसं होतं. आपण घरी पोचलो हे प्रज्ञाच्या संगणकाला कळलंच नव्हतं. मोकळ्या आकाशातच आहोत असं समजून ती दूर पळू बघत होती, आणि सगळ्या घराला ओढून नेत होती.

शाहीनने ओसरीची इंजिनं उलट्या दिशेने लावली. त्या जुन्या, कुरकुरणाऱ्या खोलीने जोर धरला. एकीकडून प्रज्ञा ओढत होती, दुसरीकडून ओसरी आवरत होती. अखेर प्रज्ञाचं इंधन संपलं आणि घर स्थिर झालं. सगळे जण वाचले. पण त्या ओढाताणीत ओसरीच्या भिंती पिळवटल्या, इंजिनं निकामी झाली. आता तिला ठेवून घेणं शक्यच नव्हतं.

त्र्यंबकला कुणी दोष दिला नाही. कुणी काही बोलेल तर बरं, असं त्याला वाटत होतं. तो खाली मान घालून शेवटच्या रांगेपाशी गेला.

"इंदुताई, मी ओसरीचं नाव घेतलं."

"ऐकलं मी."

"मला बोला. काहीही बोला."

"मी काय बोलू, त्र्यंबक? शाहीनने तुझं ऐकलं असतं, तर तिच्या आईसमोर आज कुठल्या तोंडाने उभा राहिला असतास?"

बाहेर पत्रकार थांबले होते. वरिष्ठ त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "किरकोळ तांत्रिक अडचण होती, एवढंच सांगा. निभावून जाईल."

त्र्यंबक बाहेर आला.

"बिघाड प्रज्ञात होता आणि ती मी बांधली," तो म्हणाला. "खापर मात्र मी ओसरीवर फोडलं. तिनेच सगळ्यांना वाचवलं. ती इंदुताई गद्रे यांनी बांधली आहे."

दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ते त्याला शिव्यांपेक्षा जास्त टोचलं.

प्रज्ञाला दुरुस्त करून दुसऱ्या दाराशी जोडलं, आणि ओसरीला सोडून द्यायची वेळ आली. पहाटेच्या आकाशात एक तेजस्वी रेघ उमटली. केंद्राच्या गच्चीवर इंदुताई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्र्यंबक त्यांच्या मागे उभा होता. त्याला क्षमा मागायची होती. पण जिची मागायची, ती त्याच्या डोळ्यांदेखत जळून चालली होती. त्याने नुसतेच हात जोडले.

तात्पर्य: ज्याच्या आधारावर आपण उभे राहतो त्याला हिणवू नये, चूक कबूल करता येते, पण झालेलं नुकसान दर वेळी भरून देता येत नाही.