केरबाने दूध संघाचा कॉम्प्युटर सांभाळला

एका तालुक्याच्या गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव केरबा. भोळा म्हणजे किती? आई म्हणाली, "दुधाकडं बघ," तर हा दूध उतू जाऊन गॅस विझेपर्यंत बघत बसायचा. बघ म्हणाली होती. बंद कर म्हणाली नव्हती.

असल्या माणसाला कुठं चिकटवावं, हा गावाला प्रश्न होता. दूध संघाला नव्हता. संघ जिल्ह्यात सगळ्यात मोठा. हजारो सभासद, त्यांच्या त्याहून जास्त म्हशी, आणि सगळ्यांची माहिती एका मशीनमध्ये. ते मशीन सांभाळायला माणूस पाहिजे होता. केरबा पडला चेअरमनसाहेबांच्या मेहुण्याचा मुलगा. झालं काम. मोठ्या संस्थेत याहून जास्त चौकशी करत नाहीत.

केरबाच्या वर बिडकरसाहेब होते. हुकूम सोडायचा आणि चहाला जायचं, एवढं काम ते नेमानं करत. पहिल्याच दिवशी खोलीतला एसी बंद पडला. साहेब म्हणाले, "केरबा, मशीन तापू देऊ नकोस. थंड ठेव." आणि गेले चहाला.

केरबानं विचार केला. संघात सगळ्यात थंड काय? शीतगृह. त्यानं मशीनच्या वायरी उपटल्या, मशीन हातगाड्यावर घातलं आणि शीतगृहात नेऊन श्रीखंडाच्या डब्यांशेजारी ठेवलं. वर एक गोणपाट टाकलं. इकडं संघ ठप्प.

त्याच दिवशी शिरपेवाडीच्या आक्काताई चौगले खिडकीशी आल्या होत्या. त्यांची एकच म्हैस, चंद्री. ती गाभण होती. गेल्या साली तिचं रेडकू आडवं आलं, डॉक्टर आला नाही आणि रेडकू गेलं. औंदा म्हातारीनं धसकाच घेतला होता. संघाचा डॉक्टर घरी यायचा, पण मशीन सांगेल त्याच घरी. आणि मशीनमध्ये आक्काताईंचं गाव चुकून मोरपाडळी पडलं होतं. शिरपेवाडी या टोकाला, मोरपाडळी त्या टोकाला.

"आज मशीन थंड होतंय," केरबा म्हणाला. "उद्या या."

बिडकरसाहेबांनी मशीन पुसून परत आणवलं आणि केरबाला फैलावर घेतलं. "डोक्यावर पडलायस काय? इथलं काहीही जागचं हलवायचं नाही. जे जिथं आहे ते तिथंच राहील. समजलं?"

"समजलं साहेब."

दुसऱ्या दिवशी आक्काताई आल्या. "बाळा, माझं नाव मोरपाडळीत घातलंय बघ. तेवढं शिरपेवाडीत आण."

"नाही आणता येत, आक्का. जे जिथं आहे ते तिथंच राहील."

"मग मी म्हशीला घेऊन मोरपाडळीला राहायला जाऊ व्हय?"

"गेलात तर बरंच. मशीनशी जुळेल."

डॉक्टर मोरपाडळीला गेला. चौगल्यांची म्हैस विचारत गावभर हिंडला. सापडली नाही. मोकळ्या हातानं नको जायला म्हणून कुणाच्या तरी बैलाला इंजेक्शन देऊन आला. बैलवाला भांडत संघात आला.

बिडकरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, ती बाई जीव तोडून सांगत होती ना? मग ऐकायचं. समोरचा माणूस तोंडानं सांगेल ते शब्दनशब्द मशीनमध्ये भरायचं. समजलं?"

"समजलं साहेब."

आक्काताई पुन्हा आल्या. त्यांना आता पायऱ्या चढवत नव्हत्या. केरबा मात्र बोटं मोडून तयार बसला होता.

"सांगा आक्का. गाव?"

"शिरपेवाडी."

भरलं. आक्काताईंचा जीव भांड्यात पडला.

"म्हशी किती?"

"म्हैस कसली बाबा, लेक हाय ती माझी. चंद्री नाव. पोटच्या पोरीवानी वाढवलीया."

केरबानं शब्दनशब्द भरलं. म्हशी: नाहीत. मुली: एक. नाव: चंद्री. मग वर बघून विचारलं, "मुलगी काय करते?"

"काय करणार? दिवसभर रवंथ."

तेही भरलं.

आता डॉक्टर कशाला जाईल? ज्या घरात म्हैसच नाही तिथं जनावराच्या डॉक्टरचं काय काम? उलट सभासदांच्या मुलींसाठी संघाची एक योजना होती. त्या योजनेतून चंद्रीला शिलाई मशीन मंजूर झालं. तपासणी अधिकाऱ्यानं सही केली, त्याच्या वरच्यानं सही केली, त्याच्या वरच्यानं फोटोही मागवला नाही. टेम्पो भरून शिलाई मशीन गोठ्यापुढं उतरलं. चंद्रीनं ते चाटून बघितलं.

एवढ्या सह्या करणाऱ्यांना कुणी मूर्ख म्हणालं नाही. मूर्ख एकटा केरबा.

"माणसं काय, वाट्टेल ते बोलतात," बिडकरसाहेब ओरडले. "उद्या संघाची वार्षिक सभा आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. ज्याची खात्री नाही ते मशीनमध्ये नको. समजलं?"

"समजलं साहेब."

साहेब चहाला गेले. केरबा कामाला लागला. पहिलं नाव आलं. या माणसाला आपण बघितलंय का? नाही. पुसला. दुसरा? तोही नाही. पुसला. त्याच्या म्हशी? त्या तर नाहीच नाही. संध्याकाळपर्यंत केरबानं गावंच्या गावं पुसली. संचालक मंडळ पुसलं, कारण ते ऑफिसात कधी आलेच नव्हते. चेअरमनसाहेबांपाशी जरा अडला. पण नात्यातले असले तरी त्यांना त्यानं फक्त फलकावरच्या फोटोत बघितलं होतं. तेही गेले. चंद्री नावाची मुलगीही गेली. उरल्या एकट्या आक्काताई. त्यांना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि चांगलं तीनदा.

सभेच्या दिवशी सकाळीच आक्काताई आल्या. चंद्रीला टेम्पोत घालून आल्या. तिला कळा सुरू झाल्या होत्या. म्हातारी रडकुंडीला आली होती.

"ही बघ. नीट बघून घे. हिला चार पाय, दोन शिंगं, आणि ही म्हैस हाय. आता तरी डॉक्टर दे रं बाबा. हे पण रेडकू गेलं तर माझ्यात राम राहणार न्हाई."

केरबानं खिडकीतून बघितलं. खात्री झाली. भरलं: म्हैस, एक. मुक्काम: संघाचं आवार.

मशीन म्हैस दिसली की डॉक्टरला निरोप धाडायचं. आज अख्ख्या जिल्ह्यात मशीनला एकच म्हैस दिसत होती. त्यामुळं झाडून सगळ्या डॉक्टरांना एकच निरोप गेला. सगळे धावत आले. एकानं बाह्या वर केल्या आणि काम केलं. बाकीच्यांनी सल्ले दिले. चंद्री संघाच्या आवारातच सुखरूप व्याली. रेडकू धडपडत उभं राहिलं. आक्काताईंनी त्याला पदरानं पुसलं आणि त्या मनसोक्त रडल्या. केरबानं रेडकूही डोळ्यांनी बघितलं आणि भरलं.

तेवढ्यात बिडकरसाहेबांनी मशीन उघडलं. बघतात तर आत एक बाई, एक म्हैस, एक रेडकू.

"बाकीचा संघ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पुसला साहेब. खात्री नव्हती."

"शहरातल्या ऑफिसात दुसरी प्रत असते. ती?"

"तीपण पुसली. न बघितलेलं दोन-दोन ठिकाणी कशाला ठेवायचं?"

बिडकरसाहेब खाली बसले. सांगायला हवं होतं, पण सांगायचं कुणाला? चेअरमनसाहेब व्यासपीठावर चढले होते, आणि मशीनमधून निघालेला अहवाल त्यांच्या हातात गेला होता. त्यात लिहिलं होतं: जनावरं, सकाळी एक, आता दोन. वाढ शंभर टक्के.

चेअरमनसाहेबांनी कधी अख्खा अहवाल वाचला नव्हता. ते शेवटची ओळ वाचत. त्यांनी छाती फुगवून वाचलं, "संघाची वाढ शंभर टक्के."

सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकाचंही नाव मशीनमध्ये नव्हतं. आक्काताईंचं होतं, पण त्या टाळ्या वाजवायला थांबल्या नाहीत. म्हैस आणि रेडकू टेम्पोत घालून घरी गेल्या. शिलाई मशीन काही त्यांनी परत केलं नाही.

चेअरमनसाहेबांनी केरबाला वर बोलावून हार घातला. ते जिल्ह्याच्या मोठ्या बँकेचेही चेअरमन होते. केरबाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उद्यापासून बँकेचं मशीन तुझ्याकडं. इथं केलंस, अगदी तस्संच तिथं कर."

"समजलं साहेब," केरबा म्हणाला.