उंचवनाला समुद्र मिळाला

चहूकडून दुसऱ्यांच्या जंगलांनी वेढलेलं उंचवन नावाचं एक राज्य होतं. तिथं सगळं मुबलक होतं. मध होता, हिरडा होता, भाषणं होती. मीठ तेवढं नव्हतं, कारण समुद्र नव्हता.

मीठ आणायचं काम धोंडाक्का गाढविणीकडे होतं. वर्षातून चार वेळा सात गाढवं घेऊन ती खाली जायची, किनाऱ्यावर मध द्यायची आणि मीठ घेऊन परतायची. तिची गाढवं मान खाली घालून चालत, त्यामुळे उंचवनात समुद्र पाहिला असं जिच्याबद्दल म्हणता येईल ती धोंडाक्का एकटीच.

वाटेत मधवन लागे. मधवन रानडुकरांचं. परक्याचा माल आपल्या हद्दीतून जाताना तो सांगितलेलाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी, असा तिथला जुना कायदा होता. मिठाची खात्री जिभेनंच होते. म्हणून मधवनात सात नाकी होती आणि प्रत्येक नाक्यावर एक जीभ-अधिकारी. शंका राहू नये म्हणून प्रत्येक गोणी दोनदा चाटली जाई. खालून निघालेल्या सात गोण्यांतल्या दोन वर पोचत.

मिठावाचून सगळ्यात जास्त हाल गव्यांचे होत. मागल्या साली गंगव्वा गव्याचं वासरू जन्मलं, पण पायावर उभंच राहिलं नाही. यंदा ती पुन्हा गाभण होती.

"अक्का, या खेपंला जरा जास्त आण," ती म्हणाली. "माझंच गुडघं लटपटत्यात. पोटातल्याला काय देऊ?"

"मी भरूनच निघती गं बाई. वाटंत माझ्या मिठाला सात सासवा बसल्यात, त्यांचं काय करू?"

धोंडाक्का तडक महाराजांकडे गेली. उंचवनचे महाराज झिपरेश्वर हे अस्वल होते आणि रीतसर निवडून आलेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच परिषद भरवली.

परिषद मधवनातल्या आमराईत अकरा दिवस चालली. "अडलेल्यांची वाट, आमची जबाबदारी," असा फलक होता. मधवनचे प्रमुख वराहराव म्हणाले, "मित्रहो, आमचं काळीज मोठं आहे, रस्ता तेवढा अरुंद आहे." यावर बराच वेळ टाळ्या झाल्या. जेवणात खारवलेले कंद होते. मीठ कुठून आणलं, हे धोंडाक्कानं विचारलं नाही. तिनं फक्त खालून येताना तिथं उतरवलेल्या आपल्या गोण्या मोजल्या आणि एक कमी भरली.

अखेर एक खिडकी योजना मंजूर झाली. सात नाकी मोडली, एकच खिडकी बांधली आणि तिच्यातून सातही जिभा एकदम बाहेर आल्या. पूर्वी परतीच्या वाटेला दहा दिवस लागत, आता चार लागू लागले. पूर्वी दोन गोण्या पोचत, आता एक.

"प्रवासाच्या वेळेत साठ टक्के बचत," असं वाहतूकमंत्री काटेसाहेब साळिंदर यांनी जाहीर केलं. त्यांना हार घातला गेला. तो काट्यांत असा अडकला की आठवडाभर निघेना, त्यामुळे सत्कारही आठवडाभर चालला.

तेवढ्यात निवडणूक आली.

महाराज म्हणाले, "आजवरच्या राजांनी तुम्हाला समुद्राकडे पाठवलं. मी समुद्राला तुमच्याकडे आणणार." आणि त्यांनी शब्द पाळला. राजवाड्यामागचं तळं सोमवारपासून समुद्र असेल, असा हुकूम निघाला. बेडकांची नौदलात भरती झाली. कासवाला बंदरमंत्री केलं. समुद्र असलेल्या राज्यानं बाहेरून मीठ आणणं शोभत नाही, म्हणून धोंडाक्काच्या खेपा बंद झाल्या.

विरोधी पक्षात वानरं होती. ती म्हणाली, समुद्र पाहिलेल्यानं चव घेऊन सांगावं, मग मानू. महाराजांनाही ते पटलं, कारण समुद्र पाहिलेली गाढवीण त्यांच्या पगारावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी सगळं जंगल जमलं. धोंडाक्कानं पाण्याला तोंड लावलं. पाणी गोड होतं.

"खारट म्हण," महाराज कानाशी पुटपुटले. "बंदर अधीक्षक करतो तुला."

गर्दीत गंगव्वा एका झाडाला अंग टेकून कशीबशी उभी होती. दिवस भरत आलेले, बरगड्या दिसत होत्या. धोंडाक्काला मनस्वी राग आला. खोटं बोललं तर मिठाची वाट कायमची बंद, खरं बोललं तर राजद्रोह. गंगव्वाच्या हाती दोन्हीकडून काहीच लागत नव्हतं.

"पानी समुद्राचंच हाय, महाराज," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "निस्तं मीठ पडायचं ऱ्हायलंय."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. महाराजांनी काटेसाहेबांकडे पाहिलं, काटेसाहेबांनी राजवाड्याकडे. थोड्या वेळानं मागल्या दारानं पाच गोण्या आल्या. "राखीव साठा," काटेसाहेब म्हणाले. गोण्यांवरची शिवण धोंडाक्काच्याच दातांची होती. म्हणजे आठवी जीभ घरातच होती तर.

गोण्या काठच्या उथळ पाण्यात रित्या झाल्या. धोंडाक्कानं चाखलं. "कमी हाय."

आणखी चार आल्या.

"आता बरं हाय. पर किनारा म्हनायला किनाऱ्यावर बी मीठ लागतं."

वानरं हसायला लागली होती. महाराजांनी घाम पुसला आणि उरलेल्या सहाही गोण्या चिखलावर ओतायला लावल्या. साठा संपला, तेव्हा धोंडाक्कानं मान हलवली.

"समुद्र हाय," ती म्हणाली.

जयजयकार झाला, बेडकांनी सलामी दिली, महाराज हत्तीवर बसून मिरवत निघून गेले. धोंडाक्का गंगव्वापाशी गेली.

"चल बाई, काठाचा चिखल चाट. पोटभर चाट आन कळपाला बी बलीव. मतदानापातुर हाय समुद्र."

तीन दिवस गवे काठ चाटत होते. दरबारी साळुंक्यांनी त्याची बातमी "समुद्रदर्शनाला अलोट गर्दी" अशी दिली. महाराज प्रचंड बहुमतानं निवडून आले. गंगव्वा व्याली आणि वासरू पहिल्याच दिवशी चार पायांवर उभं राहिलं.

महिन्याभरात तळं पुन्हा गोड झालं. त्याची कुणी तक्रार केलेली नाही. मधवनची खिडकीही आहे तिथंच आहे. गव्यांनी मात्र महाराजांकडे एक अर्ज दिला आहे: उंचवनात यापुढे दर तीन महिन्यांनी निवडणूक घ्यावी.