पंपाचा घास

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात चुलीला लाकूड लागतच नसे. जमिनीच्या पोटातून वायू वर यायचा, नळ्यांतून घरोघरी जायचा आणि चुली पेटायच्या. वायू वर ओढायला एक पंप होता. तोही त्याच वायूवर चाले. म्हणून गावाची रीतच होती, आधी पंपाचा घास, मग गावाचा.

पंप सांभाळणारा पंपवाला भला माणूस. कुणाची चूल मंदावली की त्याचाच जीव कासावीस व्हायचा. मग तो नळ आणखी खोल उतरवायचा आणि म्हणायचा, "पोटात भरपूर आहे हो!" पण नळ जितका खोल, तितका पंप खादाड. घासाचं ताट झालं, ताटाची परात झाली, तरी त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. लोकांचे उतरलेले चेहरे बिचाऱ्याला बघवत नसत.

एकदा गावची लोहारीण त्याच्याकडे आली. "दादा, एक हंगाम माझ्या भट्टीला आच दे. वाऱ्यावर फिरणारं चक्र घडवते. तुझा पंप तेच ओढेल."

"ताई, चुलींनाच पुरत नाही, तुला कुठून देऊ?" पंपवाल्याने हात जोडले.

थंडी पडली. गावात लग्न निघालं. ऐन पंगतीच्या वेळी आचारी ओरडला, "अहो, भात कच्चा राहिला! आच वाढवा की जरा!" पंपवाल्याने पंप होता तेवढ्या जोराने सोडला. पंप धडधडला, जमीन हादरली, पण चुलीची ज्योत तसूभरही वाढली नाही. जास्तीचा सगळा वायू पंपानेच गिळला होता.

पंपवाल्याने पंप मंद केला. सांगावं, तर गाव तोंडात शेण घालेल. पण मांडवात भुकेली पोरं कुडकुडत होती. तो मांडवात जाऊन उभा राहिला.

"मंडळी, मी लपवलं. काढतो त्यातला निम्म्याहून जास्त वायू काढण्यातच जळतोय. मी खोल जातो आणि तुमचंच कमी होतं. लोहारीण वाऱ्यावर पंप ओढणारं चक्र घडवते म्हणाली, तर तिलाही मी आच नाकारली."

नवरीची आईच पुढे आली. "अरे वेड्या, एकटाच कुढत बसलास? चार घरांची एक चूल करू. उरेल ती आच लोहारणीला."

त्या हंगामात गाव एकमेकांच्या अंगणात जेवलं. मिठावरून वाद झाले, सासवा रुसल्या, पण भट्टी विझली नाही. पाडव्याला चक्र उभं राहिलं. वारा सुटला आणि पंप वायूचा कणही न खाता चालू लागला. त्याचा वाटा चुलींना मिळाला.

"आणखी एक हिवाळा गेला असता ना दादा," लोहारीण म्हणाली, "तर लोखंड तापवायलाही आच उरली नसती."

पंपवाल्याचे डोळे भरून आले. "मग पुढचं चक्र कधी घडवायचं?"

"आजच. पोटातला वायूही एक दिवस संपेल, तो आहे तोवर."

तात्पर्य: मिळवण्यातच मिळकत जळू लागली, तर ते आपल्या माणसांपासून झाकू नये, हाती आच आहे तोवरच उद्याची सोय घडवून घ्यावी.